जुन्या कॉम्प्युटरवर अडलेले डाउनलोड आणि नको असलेल्या अपडेट-सूचना

जुन्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम उतरत नाही, किंवा उतरूनही चालत नाही, तेव्हा पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर जातो. खरी कारणे बहुधा वेगळीच निघतात: घड्याळ चुकलेले, सर्टिफिकेटे (साइट खरी असल्याचे डिजिटल दाखले) जुनी झालेली, फाइल अर्धवट, ३२ आणि ६४ बिटांचा (विंडोजच्या आणि प्रोग्रॅमांच्या दोन प्रकारांचा) घोळ, किंवा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी तुमच्या विंडोजची साथ कधीच सोडलेली. याच क्रमाने तपासा. पहिले कारण दोन मिनिटांत कळते आणि शेवटच्यावर इलाज नसतो, फक्त पर्याय असतो.

पुढचे सगळे विंडोज ७, ८.१ आणि १० यांना धरून आहे. मेनू, संदेश आणि क्रमांक येथे देवनागरीत लिहिले आहेत. स्क्रीनवर ते इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायचे आहेत.

आधी मशीनची कुंडली

विंडोजची कळ दाबून धरा आणि पॉज कळ दाबा. पॉज कळ नसेल तर विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाऊट या वाटेने जा. तीन गोष्टी टिपून ठेवा: विंडोजची आवृत्ती, 'सिस्टिम टाइप'समोर ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि रॅम किती. विंडोज ७ असेल तर 'सर्व्हिस पॅक १' हे शब्द दिसायलाच हवेत. ते नसतील तर पुढची बरीच दुरुस्ती बसणारच नाही. विंडोज १० असेल तर '२२एच२' आहे का ते पाहा, कारण तीच त्या विंडोजची शेवटची आवृत्ती.

मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० ला, ८.१ साठी १० जानेवारी २०२३ ला आणि १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोग्रॅम बनवणारे या तारखांनंतर लगेच हात काढतात असे नाही, पण काढतात हे नक्की.

घड्याळ

सगळ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणू लागल्या तर साइटकडे बघू नका, उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरला आजही २०१२ साल वाटत असेल तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेले नसते. ब्राउझरच्या इशाऱ्यात तेव्हा 'डेट इनव्हॅलिड' असे शब्द येतात.

तारीख हाताने सुधारा. 'सिंक नाऊ'वर आधी विसंबू नका: साध्या घरगुती विंडोजमध्ये घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकले असेल तर विंडोजची वेळ-सेवा ते आपणहून दुरुस्त करत नाही. आधी वर्ष, महिना, दिवस बरोबर करा, टाइम झोन तपासा, मग सिंक करा.

कॉम्प्युटर प्लगपासून काढल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर२०३२, ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. कॉम्प्युटर बंद करून वायर काढा, बाजूची क्लिप हलकेच दाबून जुना सेल काढा, नवा '+' बाजू वर ठेवून बसवा. सुरू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ मांडणीत) जाऊन तारीख भरा आणि बाकीची मांडणी जुनीच आहे का तेही पाहा, कारण सेल संपल्यावर तीही मूळ पदावर गेलेली असते. लॅपटॉपमध्ये हाच सेल अनेकदा वायर जोडलेल्या पाकिटात असतो. तिथे उघडझाप करण्यापूर्वी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

साइट उघडते, इन्स्टॉलर मात्र 'कनेक्शन नाही' म्हणतो

हा प्रकार जुन्या विंडोजवर फार दिसतो आणि लोक राउटर बंद-चालू करत बसतात. फायरफॉक्स सुरक्षित जोडणीसाठी स्वतःची यंत्रणा आणि मूळ सर्टिफिकेटांची (ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटे खरी मानली जातात त्यांची) स्वतःची यादी बाळगतो. म्हणून त्यात साइट व्यवस्थित उघडते. पण उतरवलेला छोटा इन्स्टॉलर चालू होतो तेव्हा तो विंडोजच्या यंत्रणेवर अवलंबून असतो, आणि विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ ही जोडणी-पद्धत असूनही मुळात बंद असते. आजचे सर्व्हर त्याहून जुनी पद्धत सहसा स्वीकारत नाहीत.

कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड टॅब. यादीच्या तळाशी 'यूज टीएलएस १.२'वर टिक करा, 'एसएसएल ३.०'वरची काढा. काही प्रोग्रॅम या टिकला जुमानत नाहीत, कारण ते विंडोजची दुसरी वाट वापरतात. त्यांच्यासाठी विंडोज ७ वर केबी३१४०२४५ ('केबी' हा मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक) हे अपडेट लागते, आणि त्यासोबत मायक्रोसॉफ्टने सांगितलेला रजिस्ट्रीतला (विंडोजच्या मांडणीच्या साठ्यातला) बदलही करावा लागतो. नुसते अपडेट बसवून भागत नाही.

दुसरी अडचण मूळ सर्टिफिकेटांची. असंख्य साइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटे वापरतात. त्यांना ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटाचा टेकू होता त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. ज्या मशीनवर वर्षानुवर्षे अपडेट आलेले नाही तिथे नवे मूळ सर्टिफिकेट पोचलेलेच नसते. फायरफॉक्समध्ये साइट उघडते आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाही, असे दिसले की कारण बहुधा हेच.

तिसरी गोष्ट सह्यांची. २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट आपल्या अपडेटांवर फक्त एसएचए-२ पद्धतीची डिजिटल सही करू लागली. विंडोज ७ ला ती ओळखता यावी म्हणून आधी केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९ बसवावे लागते. दोन्ही मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये सुटे मिळतात. नव्याने विंडोज ७ टाकलेल्या मशीनवर हे दोन नसतील तर पुढची अपडेटे एकामागून एक नापास होत राहतात.

या सगळ्या भानगडी टाळण्याचा सोपा मार्ग असा: शक्य तिथे 'ऑफलाइन', 'फुल' किंवा 'स्टँडअलोन' इन्स्टॉलर घ्या. डाउनलोडच्या मोठ्या बटणामागे बहुधा एक-दोन एमबीची फाइल असते, आणि खरा प्रोग्रॅम ती चालवल्यावर उतरतो. पूर्ण इन्स्टॉलर ब्राउझरमधूनच उतरतो, जपून ठेवता येतो आणि पेनड्राइव्हने नेता येतो. तो त्याच साइटवर 'अदर डाउनलोड्स' किंवा 'ऑल प्लॅटफॉर्म्स' अशा एखाद्या बारीक लिंकमागे दडलेला असतो.

अर्धवट उतरलेली फाइल

क्रोममध्ये चालू डाउनलोडच्या नावाला 'सीआरडाउनलोड' आणि फायरफॉक्समध्ये 'पार्ट' असे शेपूट असते. ते शेपूट काढून फाइलचे नाव बदलले म्हणजे फाइल पूर्ण होत नाही. साइटवर दिलेला आकार आणि तुमच्याकडच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमधला आकार ताडून पाहा. दोन्ही एमबीत असले तरी मोजणीच्या पद्धतीमुळे थोडा फरक पडू शकतो. बाइटचा आकडा दिला असेल तर तो मात्र तंतोतंत जुळायला हवा.

त्याहून पक्की खूण एसएचए-२५६ची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची. चांगल्या साइट प्रत्येक फाइलसोबत ६४ अक्षरांची ही ओळ देतात. ७-झिप (फाइली दाबणारे-उलगडणारे सॉफ्टवेअर) बसवलेले असेल तर फाइलवर राइट-क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' आणि त्यातले 'एसएचए-२५६' निवडा. आलेली ओळ साइटवरच्या ओळीशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळे असले तरी फाइल टाकून द्या. इन्स्टॉलर 'इंटिग्रिटी चेक फेल्ड' म्हणत असेल तर ही तपासणीही नको. फाइल खराब उतरली आहे, पुन्हा उतरवा. तीच फाइल पुन्हापुन्हा खराब येत असेल तर ब्राउझरची कॅश (त्याने साठवून ठेवलेल्या फाइली) रिकामी करा, वाय-फायऐवजी केबल लावून पाहा, आणि तरीही तेच होत असेल तर रॅम किंवा हार्ड डिस्क तपासण्याची वेळ आली असे समजा.

जागेचा हिशेब करताना केवळ फाइलचा आकार धरू नका. इन्स्टॉलर डाउनलोड्स फोल्डरमध्ये बसतो, टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो आणि मग प्रोग्रॅम फाइल्समध्ये प्रोग्रॅम टाकतो. तिन्ही ठिकाणे बहुधा सी ड्राइव्हवरच असतात. ५०० एमबीच्या इन्स्टॉलरसाठी २ जीबी मोकळी ठेवलेली बरी. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यातले सगळे दुसरीकडे ठेवून एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करा.

संदेश काय सांगतो

'नॉट अ व्हॅलिड विन३२ अॅप्लिकेशन': ६४-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालवला आहे, किंवा फाइल तुटलेली आहे. 'एक्स८६' म्हणजे ३२-बिट, 'एक्स६४' म्हणजे ६४-बिट. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतो, उलटे होत नाही.

'प्रोसिजर एंट्री पॉइंट... कर्नल३२': हा प्रोग्रॅम तुमच्या विंडोजमध्ये नसलेली सोय मागतो आहे. पुन्हा डाउनलोड करून काही होणार नाही, जुनी आवृत्तीच शोधावी लागेल.

'एपीआय-एमएस-विन-सीआरटी'ने सुरू होणारी डीएलएल (अनेक प्रोग्रॅमांना लागणारी सामायिक फाइल) सापडत नाही: विंडोज ७ किंवा ८.१ वर युनिव्हर्सल सी रनटाइम नाही. ते केबी२९९९२२६ मधून येते. सुटी डीएलएल देणाऱ्या साइटवरून ती फाइल आणून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एक डीएलएल टाकली की दुसरी मागितली जाते, आणि त्या फाइलमध्ये काय भरले आहे याची हमी कोणीच देत नाही.

'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' हा निळा पडदा म्हणजे व्हायरस सापडला असे नव्हे. ही फाइल फार कमी लोकांनी उतरवलेली आहे किंवा तिच्यावर ओळखीची सही नाही, एवढेच तो सांगतो. मूळ साइटवरून आणलेली आणि एसएचए-२५६ जुळलेली फाइल असेल तर 'मोअर इन्फो' आणि 'रन एनीवे' चालेल. शंका असेल तर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर तपासा.

शेवटची चालणारी आवृत्ती

जुन्या मशीनवर 'लेटेस्ट' हा शब्द विसरावा लागतो. शोधायची ती तुमच्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सची शाखा ११५ ईएसआर (जास्त काळ आधार मिळणारी शाखा), त्यातही ११५.१३ किंवा पुढचीच हवी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांमधल्या एका मूळ सर्टिफिकेटाची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली आणि अॅड-ऑन बंद पडू लागले. लिब्रेऑफिस या ऑफिसच्या प्रोग्रॅमने २५.८ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वगळले. डॉट नेट फ्रेमवर्क (अनेक प्रोग्रॅमांना लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) ४.८ हे विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ साठी शेवटचे. व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेयरची ३.० शाखा मात्र अजून या सगळ्यांना सांभाळून घेते.

जुन्या आवृत्त्या मूळ संस्थेच्याच संग्रहातून घ्या. मोझिला आणि लिब्रेऑफिस दोघांचेही असे संग्रह आहेत. शोधयंत्रात सर्वांत वर येणारी जाहिरात अनेकदा भलत्याच साइटची असते, आणि तिथला इन्स्टॉलर प्रोग्रॅमसोबत टूलबार, 'क्लीनर' आणि बदललेले होमपेज घेऊन येतो. 'एक्सप्रेस' नको, 'कस्टम' निवडा, प्रत्येक पानावरच्या टिका वाचा.

ही सूचना कोणाची

अपडेटची सूचना आली की तिच्यातले कोणतेही बटण दाबू नका, अगदी फुलीसुद्धा नाही. सूचना चार ठिकाणांहून येऊ शकते: विंडोजकडून, बसवलेल्या प्रोग्रॅमच्या अपडेटरकडून, ब्राउझरमधल्या साइटकडून, किंवा भामट्या प्रोग्रॅमकडून. प्रत्येकीचे औषध वेगळे आहे, म्हणून आधी धनी शोधायचा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. विंडोज ७ मध्ये 'अॅप्लिकेशन्स' टॅबवर त्या विंडोच्या नावावर राइट-क्लिक करून 'गो टू प्रोसेस', मग प्रोसेसवर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचेच प्रोसेस एक्सप्लोरर आणखी सोयीचे: त्याच्या टूलबारवरचे निशाण्याचे चिन्ह ओढून सूचनेच्या विंडोवर सोडले की ती कोणत्या प्रोसेसची आहे ते कळते. फाइल सापडली की प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब पाहा. सही नाही आणि फाइल अॅपडेटा किंवा टेम्पमध्ये आहे, तर संशय घ्यायला पुरेसे कारण आहे.

ब्राउझरमधून येणाऱ्या सूचना

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस', 'ब्राउझर जुना झाला, आत्ता अपडेट करा' असे चौकोन उजव्या खालच्या कोपऱ्यात येत असतील तर नीट वाचा: खाली बारीक अक्षरांत ब्राउझरचे आणि एखाद्या अनोळखी साइटचे नाव असते. कधीतरी 'अलाऊ' दाबले गेलेले असते आणि ती साइट आता विंडोजच्या थाटात बोलत असते. कॉम्प्युटरला काहीही झालेले नसते.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्ससमोरचे सेटिंग्ज बटण. परवानगी दिलेल्या यादीतून अनोळखी साइट काढा आणि नव्या साइटना विचारूही देऊ नका. थांबले नाही तर एक्स्टेन्शनची यादी बघा. जे आठवत नाही ते काढा.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारे पान आले तर एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ४. तरी हटले नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका.

फ्लॅश प्लेयरचे अपडेट मागणारी कोणतीही सूचना खोटी. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चालणारा मजकूरही अडवला. फ्लॅश अजून बसवलेला असेल तर काढून टाका.

प्रोग्रॅमांचे अपडेटर

जावाची सूचना येत असेल तर आधी विचारा, जावा लागतो का? बहुतेक घरगुती मशीनवर तो कोणत्या तरी जुन्या कामासाठी आलेला आणि तिथेच राहिलेला असतो. लागत नसेल तर काढा. लागत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या जावाच्या अपडेट टॅबमध्ये 'चेक फॉर अपडेट्स ऑटोमॅटिकली'वरची टिक काढता येते, पण मग महिन्यातून एकदा हाताने तपासण्याची जबाबदारी तुमची.

बाकीच्या अपडेटरांसाठी तीन जागा बघाव्या लागतात. पहिली स्टार्टअप: विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरचा 'स्टार्टअप' टॅब, ७ मध्ये 'एमएसकॉन्फिग'. दुसरी टास्क शेड्युलरची लायब्ररी, तिथे 'ट्रिगर्स'मध्ये केव्हा आणि 'अॅक्शन्स'मध्ये काय चालते ते दिसते. तिसरी सर्व्हिसेस. स्टार्टअपमधून बंद केलेला अपडेटर शेड्युलरमधून पुन्हा उठतो, म्हणून तिन्ही. काहीही डिलीट करू नका, 'डिसेबल' करा. चुकले तर परत चालू करता येते.

क्रोम १०९ विंडोज ७ वर 'यापुढे अपडेट मिळणार नाही' असे सांगत राहतो. तो इशारा दाबून टाकण्याची पॉलिसी आहे, पण इशारा खरा आहे. रोजच्या वापराला फायरफॉक्स ११५ ईएसआर घ्या, त्याचे आपोआप होणारे अपडेट चालू ठेवा, आणि क्रोम काढा.

'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे प्रोग्रॅम सरसकट काढा (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम). जुन्या मशीनवर नीट चालणारा ड्रायव्हर बदलायचा नसतो. एखादा खरोखर लागला तर तो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर, नेमक्या मॉडेलच्या पानावरून घ्या.

विंडोजच्या स्वतःच्या सूचना

विंडोज अपडेटची सेवाच बंद करण्याचा उपाय लोकप्रिय आहे आणि वाईट आहे. विंडोज १० मध्ये ती दुरुस्त करणारी दुसरी सेवा असते, त्यामुळे ती पुन्हा चालू होते. आणि ती बंद राहिली तर सुरक्षेची अपडेटेही थांबतात. नको असलेली सूचना तेवढी थांबवा.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स अँड अॅक्शन्स येथे तीन टिका काढा: अपडेटनंतरचे स्वागत, 'फिनिश सेटिंग अप माय डिव्हाइस'चे सल्ले, आणि 'टिप्स, ट्रिक्स अँड सजेशन्स'. साइन-इन करताना येणाऱ्या पूर्ण पडद्याच्या बऱ्याच विनवण्या यानेच थांबतात.

इंटरनेट मर्यादित असेल तर त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज बहुतेक अपडेटे आपणहून उतरवत नाही. काम चालू असताना रीस्टार्ट नको असेल तर 'अॅक्टिव्ह अवर्स' १८ तासांपर्यंत ठरवता येतात, आणि 'पॉज' ३५ दिवसांपर्यंत.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो; इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून. त्याहून जुन्या मशीनवर विंडोज अपडेट ते देऊ करत नाही. तरीही 'येथे क्लिक करून विंडोज ११ बसवा' असे ब्राउझरमध्ये दिसले तर ते पान खोटे. मशीन पात्र असेल आणि तुम्हाला ११ नको असेल, तर विंडोज अपडेटच्या पानावर 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' अशी बारीक लिंक येते. कायमचा बंदोबस्त प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरमधून होतो: विंडोज अपडेट फॉर बिझनेसखाली 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' उघडा, 'एनेबल्ड' करा, उत्पादनाच्या चौकटीत 'विंडोज १०' आणि आवृत्तीत '२२एच२' लिहा.

विंडोज १० वर राहायचे ठरले तर त्याच अपडेट-पानावर जादा सुरक्षा-अपडेटांसाठी नोंदणीची लिंक असते. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यासाठी २२एच२ आवश्यक आहे. ही लिंक मात्र टाळू नका.

विंडोज ७ वर जानेवारी २०२० पासून आधार संपल्याचा पूर्ण पडद्याचा इशारा येतो. तो विंडोजचाच आहे. 'डोन्ट रिमाइंड मी अगेन' दाबले की पुरे.

विंडोज १० मध्ये एखादे अपडेट दर वेळी उतरते आणि नापास होते, मग पुन्हा मागते, असे चक्र लागले असेल तर आधी कोड बघा. शेवटी ८००७००७० असेल तर जागा कमी आहे: डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' चालवा. दुसरा कोड असेल तर सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन सेवा थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन'चे नाव बदलून शेवटी 'ओल्ड' जोडा, दोन्ही सेवा पुन्हा चालू करा आणि अपडेट शोधायला सांगा. विंडोज तो फोल्डर नव्याने तयार करते. अपडेटचा जुना इतिहास यादीतून जातो, बसलेली अपडेटे जात नाहीत. आठवडाभर सगळे सुरळीत चालले की 'ओल्ड' फोल्डर काढून टाका. त्यात काही जीबी अडकलेले असू शकतात.